पितळेची पट्टी

रात्री साडेअकराला फोन. मी शटर ओढत होतो.
"भटूभाऊ, गायिकानं नाव बदली टाक."
का, म्हटलं.
"वरथून सांगेल शे."
वर म्हणजे कुठे, हे धुळ्यात कोणी विचारत नाही.

पाचकंदिलजवळ माझं दुकान, सात बाय नऊ.
अहिराणी गाण्यांच्या पुरस्काराची बत्तीस चिन्हं
टेबलावर तयार, ॲक्रिलिकची,
प्रत्येकाच्या डोक्यावर सोनेरी तानपुरा,
जो खरं तर शाळेच्या स्नेहसंमेलनातून उरलेला.
उत्कृष्ट गीतकार. उत्कृष्ट ढोलकी.
सर्वाधिक वाजलेलं हळदीचं गाणं.
ड्रोन उडवणाऱ्यालासुद्धा एक.
आणि सत्तावीस नंबरला उत्कृष्ट गायिका:
झेलाबाई मालचे, मु. पो. कासारे.

लेझरनं कोरलेलं पुसत नाही.
घासलं की धुकं धरतं,
आणि धुक्यात नाव जास्तच दिसतं.

वडील भांड्यांवर नावं घालायचे,
एका हातात छिन्नी, दुसऱ्यात बोटभर हातोडी,
ठिपक्याला ठिपका लावत,
आंदणाचे हंडे, पराती, फुलपात्री.
मोडलेल्या लग्नाचा हंडा विकायला आला
की जुन्या नावावरून ते वेल न्यायचे,
दोन पानं, नाव लांब असेल तर मोर.
माझ्याकडे मोर नव्हता.
अडीच इंच पितळेची पट्टी होती आणि दोन्हीकडून चिकटणारा टेप.
पट्टीवर कोरलं, प्रणोती देवरे,
आणि अंगठ्यानं दाबून धरलं
साठपर्यंत मोजत.

साक्री रोडचं लॉन. पुढे सोफे,
सोफ्यांवर बोअरवेलवाले, ठिबकवाले,
मग खुर्च्या, मग नुसतंच गवत.
मला पास होता, जेवणाच्या कुपनासकट. सतरावी रांग.

"भाऊ, आठे कोनी बठेल शे का?"

मी वर पाहिलंच नाही, कारण गरज नव्हती.
तीन वर्षं हा आवाज ऐकतोय,
ट्रॅक्टरवर, वरातीत, समोरच्या चहावाल्याच्या मोबाईलमध्ये,
'आठे' म्हणताना तो तसाच किंचित फाटला,
जुनं लुगडं टराटर न फाटता विरतं ना, तसा.
व्हिडिओत ओठ हलवते ती नाशिकची मुलगी.
हिला पाहिलं असेल तर फक्त माईकनं.

बसा, म्हटलं. कोणी नाही.

सत्तावीस नंबर आला.
पोरगी गुणाची होती, खोटं का बोलू,
दोन ओळी गायली तर स्वयंपाकी बाहेर येऊन उभे राहिले.
फोटोवाला म्हणाला, अजून वर धरा,
तिनं वर धरलं, मागून हॅलोजन,
आणि पट्टीच्या वर
एक मात्रा उभी राहिली.
'झे'ची.
माप चुकलं होतं माझं, दोन मिलिमीटर.
सतराव्या रांगेतून कोणाला दिसेल?
मला माहीत होतं, म्हणून दिसली.

शेजारी टाळ्या चालल्या होत्या,
बांगड्या कोपरापर्यंत मागे सारून वाजवलेल्या.
"गोड गास पोर."
मी म्हटलं, हो.
घसा साफ केला, पुन्हा म्हटलं, हो.

शेवभाजीच्या रांगेत तिनं विचारलं,
तुम्ही कोणतं वाद्य वाजवता?
मी नावं कोरतो, म्हटलं.
तिचा चेहरा एकदम उजळला.
"मना नातूना डबावर घाली देशी का?
शायमा रोज बदलाई जास."

मंगळवारी या, म्हटलं. पैसे नकोत.
का नकोत, ते तिनं दोनदा विचारलं.

स्टीलच्या डब्याला लेझर नको वाटला.
माळ्यावरून छिन्नी काढली, रॉकेलनं पुसली.
हात विसरलाय. सोमवारी रात्री शटर अर्धं पाडून
जुन्या ताटलीवर बसलो गिरवत,
ठिपक्याला ठिपका,
झे
झे
झे

नातवाचं नाव हिंमत आहे.