उणे एकशे सात

पारोळ्याला, जिनिंगसमोरच्या वजनकाट्यावर
माझी भाड्याची खोली.
पौषातली रात्र. खाली कापसाच्या गाड्यांची रांग,
टायरच्या आडोशाला पऱ्हाट्या पेटवून
ड्रायव्हर लोक वांगी भाजताहेत.
वर मी, गोधडीत,
दुसऱ्याच एका ड्रायव्हरच्या पोटात शिरलेली.

जुन्या सिरियल कार्डाचा ड्रायव्हर.
कार्ड काढणारी कंपनी केव्हाच बुडाली.
कोड कुणा एकाचा नाही म्हणून सगळ्यांचा,
गायरानासारखा,
आणि गायरानात लोक काय काय आणून टाकतात
ते सांगायला नको.

कंपायलर म्हणतो: व्याख्या आहे, वापर नाही.
आवाजात राग नसतो त्याच्या.
तलाठ्यासारखा नोंद वाचतो आणि पुढचं पान उलटतो.

मी शोधते. ह्याला कुणी हाक मारतं का?
अख्ख्या झाडात, फांदीफांदीवर.
नाही.
एक व्हेरिएबल, ज्यात किंमत भरतात नि कुणी वाचत नाही.
एक तक्ता, बाजारात कधी आल्याच नाहीत अशा चिपांचा.
आणि एका फंक्शनच्या डोक्यावर टीप:
“तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात काढतो. — य.”
तारीख बावीस वर्षांपूर्वीची.
तेव्हा मी एरंडोलला चौथीत होते,
सतराचा पाढा अडत होता.

य., पुढच्या आठवड्यात काय झालं रे?
त्याच्या पत्त्यावर लिहिलं. परत आलं:
अशी कोणी व्यक्ती इथे नाही.

काढलं.
पुन्हा कंपाइल केलं. पंखा घरघरला, थांबला.
काही झालं नाही.
ह्या कामात कान देऊन ऐकायचं ते एवढंच,
काही न झाल्याचं.

मग एक असं आलं
ज्याच्या कपाळावर आधीच शिक्का:
‘कदाचित बिनकामाचं’.
शिक्का दिसला की कंपायलर बोलत नाही,
बाजूने निघून जातो.
बोट डिलीटवर गेलं,
आणि खालून खोकला आला.

उखर्डू तोताराम. काट्यावर चौतीस वर्षं.
आधीची तिघं जगली नाहीत,
म्हणून ह्याला उकिरड्यावर ठेवून उचललं
आणि नाव असं ठेवलं
की न्यायला येणाऱ्याने नाक मुरडून पुढे जावं.
गेला तो पुढे.
उखर्डूनाना बासष्टचे आहेत, बिडी सुटत नाही.

मी बोट मागे घेतलं.
एकेक पर्याय चालू-बंद करत बसले.
वीज वाचवायचा पर्याय चालू केला
तसं ते फंक्शन उठलं:
निजलेल्या कार्डाला जागं करायचं काम त्याचंच.
ठेवलं. शिक्क्यासकट.

साडेपाचला खराट्याचा आवाज.
पहिली गाडी चढायच्या आत नाना काटा झाडतात,
चाकांनी आणलेला चिखल खुरप्याने खरवडतात.
कशाला एवढं, मी एकदा विचारलं होतं.
“गारा बी तोलाई जास, माय.”
लाल आकडे: वीस. दहा.
दहावर बराच वेळ.
मग शून्य.

मी पाठवून दिलं.
उणे एकशे सात ओळी, अधिक काही नाही.
कारणाच्या जागी लिहिलं: कुणी हाक मारत नाही.
चहा घेऊन खाली गेले.
“काय बनाडं रातभर?”
“काहीच नाही, नाना. काढलं.”
त्यांनी मान हलवली आणि खुरपं धुवायला ठेवलं.

पहिली गाडी चढली. आकडे धावले, थरथरले.
आकडा ठरेपर्यंत मला सारखं वाटत राहिलं,
य.ला कुणीतरी कळवायला हवं:
तुझा पुढचा आठवडा
आज पहाटे संपला.