बेतणं

घड्याळ बांधायला झुल्मीरा आली
तेव्हा तिच्या आधी मीच तिचं माप घेतलं, नजरेनं.
डावा खांदा बोटभर खाली.
नर्सची पिशवी त्याच खांद्यावर, वीस वर्षं तरी.
सवय आहे, काय करणार.
पोर्तूच्या या चढावरच्या गल्लीत
एक्कावन्न वर्षं मी माणसं टेपनं वाचतोय.

"आता तुमचं माप, सेन्योर अबीलियु.
तीन आठवडे. झोपेतसुद्धा काढायचं नाही."

आधीच्या डॉक्टरनं दिला होता एक कागद,
सगळ्यांना तोच:
मीठ कमी, दहा हजार पावलं, चिंता नको.
तयार कपड्यांच्या दुकानातला कोट,
खांद्यात सैल, काखेत काचणारा,
कुठल्याशा सत्तर किलोच्या माणसासाठी शिवलेला,
जो माझ्या दुकानात कधी आलाच नाही.
दहा हजार पावलं! या पायऱ्यांवर?
आधी त्या कागदाला चढून बघू दे.

तीन आठवड्यांनी तिनं पडदा उघडला.
आत एक हिरवी रेघ, घाईत घातलेल्या धावदोऱ्यासारखी.
"रोज दुपारी चार ते पाच. काय करता?"
"काजं."
"श्वास रोखून?"
मला माहीतच नव्हतं.
प्रत्येक काजापाशी
मी थोडा थोडा बुडी मारत आलो होतो.

"आणि ही रात्र."
रेघ पडते, उठते, पुन्हा पडते.
"तासाला बावीस वेळा. श्वास थांबतोय, असं वाटतं.
गळ्याचं माप किती तुमच्या?"

गळ्याचं माप.
जन्मभर टेप गळ्यातच लोंबत होती,
पण गळ्याला लावली नव्हती कधी.
तिनंच ओढून घेतली.
चव्वेचाळीस.

तेव्हा सिप्रियानु आठवला.
वही काढली, त्याचं पान शोधलं.
गळा एकोणचाळीस. पुढं एकेचाळीस.
मग चव्वेचाळीस, आणि बाजूला पेन्सिलनं:
कॉलर उसवून मोठी केली.
एवढंच.
आरशासमोर उभा राहून म्हणाला होता,
हल्ली दुकानात बसल्या बसल्या डुलकी लागते रे,
मासे तोलता तोलता.
मी तोंडात टाचण्या धरून हसलो होतो.
मार्चमध्ये गेला. झोपेत.
त्याच्या जिवावर बेतत होतं
आणि मी कापड बेतत होतो.

झुल्मीराला विचारलं, ही तुमची वही राहते कुठं?
माझ्या वहीतलं पान मी
गिऱ्हाइकाच्या बायकोलाही दाखवत नाही.
"सही केलीत ना, त्यात लिहिलंय सगळं," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"खरं तर मलाही पुरतं ठाऊक नाही."
एवढं बोलली म्हणून घड्याळ ठेवलं.

नवा कागद तिनं हातानं लिहिला.
यंत्र येईपर्यंत कुशीवर झोपा.
काजं सकाळी, टाके मोठ्यानं मोजत.
रविवारचा बाकल्याव चालेल,
फक्त भिजवताना एक पाणी जास्त बदला.
खाली माझं नाव. दुसऱ्या कुणाच्या अंगाला
तो कागद बसला नसता.

त्या रात्री झोपायच्या सदऱ्याला
पाठीत, दोन फऱ्यांच्या मधोमध,
मी एक खिसा लावला. त्यात लाकडी रीळ.
उताणा झालो की टोचतं.
अस्तराचा खिसा मी हजारदा शिवलाय,
पण आपल्यालाच न दिसणाऱ्या जागी,
आपल्याच श्वासासाठी, हा पहिलाच.
मनगटावर हिरवा ठिपका लुकलुकत राहतो.
बघतंय तर बघू दे.

आज वाल्देमार आला, लग्नाचा सूट शिवायला.
तिशीतला, अंगानं भरलेला.
छाती, कंबर, बाही. मग गळा.
आकडा लिहिला. पेन्सिल तशीच धरून ठेवली.
मग तोंडातल्या टाचण्या एकेक काढून
उशीत खोचल्या, आणि विचारलं,
"रात्री घोरता का हो?"

तो चिडला. "मी सूट शिवायला आलोय."
कोपऱ्यातल्या बाकावरून
त्याची होणारी बायको म्हणाली,
"विचारा, विचारा."