घोड्या

कोल्चानीत मीठ आधी दाराच्या बिजागऱ्या खातं,
मग बादलीची कडी,
मग गाडीचं पोट.
आमची लँडक्रूझर आरशासारख्या पाण्यातून पाहुणे फिरवून येते
आणि रात्रभर आतल्या आत कुरतडली जाते.
आज मागच्या पाट्याची एक पट्टी तुटलीय.
पहाटे पाचला सहा फ्रेंच माणसं हॉटेलच्या दाराशी उभी राहतील.

लिंबर्ट, माझा भाचा, वय एकोणीस,
जॅकचा दांडा हातात घेऊनच बसलाय.
थांब.
नट सैल केलेस का?
चाक जमिनीवर असतानाच त्यांची आकड उतरव,
हवेत लोंबणाऱ्या चाकाशी भांडू नये.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी.
हँडब्रेक ओढ, पण विसंबू नकोस,
तो तुझ्या एफ्राइन मामासारखा आहे:
तोंडावर हो म्हणतो
आणि उतार दिसला की निघतो.

जॅकखाली ही लोखंडी पाटी सरकव.
अंगण वरून टणक वाटतं,
एक बोट खाली चिखल आहे.

आता चढव. हळू.
गाडीची मागची बाजू वर येते तशा
कोंबड्या आपणहून भिंतीकडे सरकतात.
त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

जॅक उचलतो, लिंबर्ट.
धरून ठेवणं त्याचं काम नाही.
घोड्या आण.

बाजारातल्या हिला बुटक्या पडतात.
या मी जोडल्या, उयुनीबाहेर गंजत पडलेल्या
आगगाड्यांच्या रुळांच्या तुकड्यांतून,
वेल्डिंगचा चष्मा उसना आणून.
डावी थोडी कुरूप झालीय.
चालतं.

त्याआधी आमच्याकडे विटा होत्या. मातीच्या.
बाबा म्हणायचे, अख्खं घर पेलतात, गाडी का नाही पेलणार?
घर विटांवर मांडी घालून बसतं.
गाडी एका टाचेवर उभी राहते.
हे मला आता सांगता येतं.
तेव्हा मी सात वर्षांची होते
आणि चौदा नंबरचा पाना घेऊन
मिठाचं ढेकूळ फोडत होते.

बाबांनी गाडीखालून दोनदा मागितला.
तिसऱ्यांदा सरपटत बाहेर आले,
उठले, माझ्यावर हात उगारला,
आणि त्यांच्या पाठीमागे
वीट पिठासारखी बसली.
फार आवाजही झाला नाही.
उगारलेला हात तसाच वर राहिला,
किती वेळ, कोण मोजतंय.

त्या वर्षी कार्निव्हलच्या मंगळवारी
सगळ्यांनी आपापल्या गाड्यांच्या चाकांवर दारू शिंपडली,
चार थेंब पाचामामाला, वर रंगीत कागदाचा चुरा.
बाबांनी चारही चाकं केली
आणि उरलेली माझ्या हातांवर ओतली.
आई हसली. ते हसले नाहीत.

तर, घोड्या चासीखाली.
ॲक्सलखाली नको, आज पाटाच काढायचाय.
जॅक उतरव, भार त्यांच्यावर बसू दे.
ऐकलंस? तो जो कण्हल्यासारखा आवाज झाला, तो.
त्यानंतर गप्प झाली पाहिजे.

आता ढकल.
खांद्याने. राग आल्यासारखा.
मावशी, पडेल ना!
पडायची असेल तर आत्ता पडू दे,
आपण दोघं बाहेर आहोत तोवर.

नाही हलली.

काढलेलं चाक आडवं करून चासीखाली सरकव.
कशाला म्हणून विचारू नकोस,
काही लागलं नाही तर उद्या तसंच परत बसवू.

लिंबर्ट आत जातो.
आधी डोकं, मग स्वेटर,
मग फक्त बूट उरतात, डाव्याची नाडी सुटलेली.
मी दिवा धरून उकिडवी बसते.
थंडीने लोखंड हाताला चिकटतंय.

मावशी, चौदाचा पाना.

पहिल्याच हाकेला देते.
मग जॅकचा दांडा काढून घेते
आणि माझ्या मांडीवर आडवा ठेवते.