हातचा एक

दिवसा मी सोहार बंदरात स्टोअरकीपर.
व्हॉल्व्ह, गॅस्केट, सहा इंची फ्लँज,
सहीशिवाय नटसुद्धा कुणाला देत नाही.
गुरुवारी रात्री मात्र
फलज अल कबाइलच्या फ्लॅटमध्ये
घरघरणाऱ्या एसीवर आवाज चढवत
मी तलवारी वाटतो.

वाटतो म्हणजे, रजिस्टर तिथंही आहेच.
बिस्किटांचा निळा गोल डबा,
आत पोस्टकार्डाच्या मापाचे पुठ्ठे.
पुढे चित्र. ती नसीमाची मुलगी काढते,
तिच्या सगळ्या तलवारी सुरमईसारख्या दिसतात.
मागे माझ्या अक्षरात गुण, खोट,
आणि किती वेळा चालेल ते.
मागची बाजू कुणी बघायची नाही.
आणि एका देहाला तीनच वस्तू लागू पडतात.
चौथी हवी तर एक उतरव,
रात्रभर नवीपाशी बस,
तिला तुझी सवय होऊ दे.

निशिकांत यावर दर आठवड्याला भांडतो.
त्याच्या योद्ध्याकडे अकरा वस्तू, आठ पोत्यात.
ओझ्यानं चाल मंदावलीय, टाकत मात्र काही नाही.
मी म्हणतो, विमानात तीस किलोच नेतोस ना?
तो म्हणतो, तिथं काटा असतो.

नसीमा हमदुलेच्या डोक्यावर
गेल्या रमजानपासून शापित शिरस्त्राण आहे.
अंधारात दिसतं त्यातून,
पण दर अमावस्येला एका माणसाचं नाव विसरायला होतं.
ऑल्विनच्या धर्मगुरूनं शाप उतरवायची तयारी केली,
मंत्र, धूप, पाचशे मोहरा, सगळं मांडलं.
ती म्हणाली, राहू दे.
आयसीयूत रात्रपाळी करते ती.
आम्ही कुणी काही विचारलं नाही.
फासा उचलला.

ऑल्विन डाबरे वसईचा,
इथं अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीवर.
तिसऱ्या तळघरात मेलेल्या खजिनदाराच्या मुठीत
त्याला एक किल्ली सापडली होती,
शिशाची, कुठल्याच कुलपाला न लागणारी.
दीड वर्ष तो ती ओळखू पाहत होता.
मोती उगाळून तिला न्हाऊ घातलं,
आंधळ्या लोहाराला दाखवली,
एकदा तर झोपलेल्या ड्रॅगनच्या नाकपुडीत फिरवून पाहिली.
दरवेळी मी म्हणायचो,
ऊब लागते हाताला. बाकी कळत नाही.
भट्टीवरच्या माणसाला ऊब सांगतोस? तो म्हणायचा.

मार्चमध्ये त्याचं कंत्राट संपलं.
शेवटच्या गुरुवारी निशिकांतनं
भज्यांच्या आधी वाटणी काढली.
गदा कुणाला, पाण्यावर चालायचे जोडे कुणाला.
ऑल्विननं सगळं देऊन टाकलं.
किल्लीवर तेवढा हात ठेवला.

मस्कतच्या विमानतळावर मीच सोडायला गेलो.
बर्का मागे पडल्यावर तो म्हणाला,
आता तरी सांग.
रडारचा खांब आला, मी वेग कमी केला,
तेवढाच वेळ मिळाला.

सांगणार काय?
त्या पुठ्ठ्यामागे मी काहीच लिहिलं नव्हतं.
बेरीज करताना हातचा एक ठेवतात ना, तशी ठेवली होती ती:
एखादं दार खरंच उघडावंसं वाटेल त्याला,
त्या दिवशी त्या दाराची.
दीड वर्षात त्यानं किल्लीबद्दलच विचारलं,
दाराबद्दल कधीच नाही.
की मीच विचारायला हवं होतं?

खेळ संपलेला नाही, मी म्हणालो, नियम आहे.
तो हसला. टीव्हीचं खोकं ट्रॉलीवर आडवं ठेवलं,
आत जाता जाता खिशावर थाप मारली.
पुठ्ठा त्याच्याकडेच होता.

इतक्या वर्षांत माझ्या स्टोअरमधून
सहीशिवाय बाहेर गेलेली ती एकच वस्तू.

उलटून पाहिला असेल का त्यानं?
निरोप नाही. हसणं नाही, शिवीही नाही.
परवा पत्ते मांडताना नसीमा म्हणाली,
ती किल्ली कसली होती रे,
ती त्या… भट्टीवाल्याची?
नाव तिच्या ओठांवर येईना.
मस्करी होती की काय, मला कळलं नाही.
मी म्हणालो, ऊब लागायची हाताला.