नाल्याचा रंग

एमआयडीसीमागच्या नाल्यावरून कळतं
आज कुठली चटई विणतायत.
हिरवा वाहिला की आखातातली ऑर्डर,
जांभळा म्हणजे आफ्रिका.
आणि लागोपाठ दोन दिवस नितळ पाणी दिसलं
तर आई काळजीनं विचारते,
"कंपनी बंद पडनी का रे?"

सुपडूआप्पा भंगार निवडतात.
गठ्ठ्यांत कुठकुठल्या लिपीतल्या बाटल्या.
बर्फाचा डोंगर छापलेली एक त्यांनी घरी आणली,
बहिणीनं तिच्यात मनीप्लांट लावलाय.
बाकीचं सगळं वितळतं, दाणे होतं, धागा होतं.
हिवाळ्यात तुराट्यांवर भरताची वांगी भाजली
तरी नाकात आधी तोच वास.

लोटनमामांचा बैल गुडघ्यापर्यंत निळा.
पोळ्याला आता नुसती शिंगं रंगवायची, म्हणतात,
हसतात, आणि हसता हसता खोकतच राहतात.

तक्रार कुणी करावी?
ओव्हरटाइमवर बहिणीची नर्सिंगची फी भरली.
हा हातातला मोबाईलही नाल्याचाच.

त्याच मोबाईलवर काल शेठनं फोटो पाठवला:
कुठल्याशा समुद्राकाठी
पाच-सहा पोरं टरबूज खातायत,
खाली आपली चटई, मोरांची डिझाईन.
आईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला,
पोरांवरून, मोरांवरून सरकत
काठाकाठानं खूप वेळ काही शोधत राहिली.
मग म्हणाली,
"त्यासना नाला कोठे शे?"