जागा पाहणी

पहाटे साडेपाच. कळंब्याच्या बांधावर
तलावापेक्षा धुकंच जास्त.
मी वहीत लिहिते : वारा पश्चिमेचा, मंद.
हिंदुरावमामा बोट ओलं करून हवेत धरतात,
म्हणतात, खोडा ते.
ऊन वर आलं की फिरतोय बघा.

चार बांबू, बारा मीटरचं जाळं.
मागं पाणकणीस हवं, म्हणजे धागे दिसायचे नाहीत.
चिखल गुडघ्याच्या आत.
म्हशी नकोत, कुत्री नकोत,
सात वाजता घोळक्यानं मोठमोठ्यानं
हसायचा व्यायाम करणारी माणसं नकोत.
‘चंद्रावर लावा की मग,’ म्हणतात मामा.

भोयांच्या घरात जन्मलेला हा माणूस
माझं जाळं चिमटीत धरून बघतो.
‘ह्यातनं चिंगळीबी सुटायची न्हाई.
आन् तुम्ही धरून सोडणार?’
वनखात्याची परवानगी यायचीय अजून, म्हणते मी,
जणू त्यांनी तेच विचारलं होतं.

डबीतलं कडं त्यांच्या तळहातावर ठेवते.
गुंजेच्याही आत वजन,
वर मुंगीच्या अक्षरांत आकडे.

मी हुपरीची. तीन पिढ्या पैंजणांत गेल्या आमच्या.
हे कडं प्रथम दाखवलं तेव्हा
वडील कानाशी नेऊन हलवत राहिले.
वाजत नाही? मग घालायचं कशाला?
आणि तरी नखाची कड आतून फिरवून पाहिली,
एकदा, पुन्हा एकदा.
धार राहायला नको, म्हणाले.
पाय नवा असतो.

भिंतीपलीकडं कारागृहाची घंटा होते.
मामा कडं डबीत परत ठेवतात,
झाकण मी लावते.

पहिली जागा : वाट जवळ.
दुसरी : बेशरमीचं रान, जाळं फाटणार.
तिसरी बरी होती, पण
तिथं कुणीतरी गणपतीचा पाट टाकलाय
आणि मामांना तिथं बांबू रोवायचा नाही.

तेवढ्यात धुण्याच्या दगडावर
एक करडा परीट उतरतो,
शेपटी वर-खाली, वर-खाली,
हिमालय ओलांडून आल्याचं
अंगावर काहीच नाही.

‘दरवर्साला हितंच येतोय ह्यो.
ह्याच दगडावर.’
हाच?
‘ह्योच.’
कशावरून, मामा?

ते पाण्याकडं बघतात.
बराच वेळ बघतात.
उसाची ट्रॉली रस्त्यावरून जाते, परीट उडतो,
फेर धरून पुन्हा दगडावर.

मी लिहिते : जागा चौथी. दगड.
मामा वहीत वाकून बघतात.
‘हे खोडू नका,’ म्हणतात.