सीलबंद

चौथी अट: गुणपत्रिका सीलबंद हवी.
उघडलेलं पाकीट बाद.

बिश्केकहून नारिनपर्यंत सहा तास
मी ते छातीशी धरून आणलं.
घाटात मिनीबस बंद पडली, सगळे उतरले,
मी नाही.

सकाळी पाहते तर
आईनं केटलीच्या वाफेवर ते अलगद सोडवलेलं
आणि कणकेच्या खळीनं परत चिकटवलेलं,
शिक्क्याचा अर्धा गोल इकडे, अर्धा जरा वर.

"सेंद्रिय रसायनात पाचातले तीनच, बेगिमाय?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.
"मास्तर वाईट होता," मी म्हटलं.

उद्या पुन्हा बिश्केक.
नवं पाकीट, नवा शिक्का, वर भाडं.
या वेळी तीही निघालीय,
चांगला रुमाल बांधून.
म्हणते, आधी त्या मास्तरचं घर दाखव.